भाकर शिळी व्हायच्या आत

न्हाई मॅडम, तिकीट न्हाई काढायचं — मगापास्नं तेच तर सांगतोय. तिकीट नको, पॅकेज नको, ते भिंतीवरचं दुबई बी नको. मला फकस्त एक कागद पायजे. तुमच्या दुकानाच्या नावाचा, वर ते विमानाचं चित्र असतंय तसला, आन् खाली गोल शिक्का. त्याच्यावर एवढंच लिवायचं — मुंबईवरनं विमान सुटणार मंगळवारी, डेट्रॉईटला पोचणार मंगळवारी. बस. खोटं? खोटं कुटं सांगतोय, तुमीच तर आता कॉम्प्युटरवर दावलंत — रात्री दीडला सुटतंय, मधी एकदा बदलायचं, आन् दुपारी दोन वाजून धा मिन्टांनी उतरतंय. मंगळवार ते मंगळवार. बावीस तास? आता हायेत बावीस तास, न्हाई कुटं म्हणतो — पण मी तास इचारलेच न्हाईत, मी वार इचारला. तितं आपल्यापेक्षा उशिरा उजाडतंय त्याला आपण काय करणार. कॅलेंडरात मंगळवारच हाय ना दोन्हीकडं? मंग झालं. कॅलेंडर काय मी छापलेलं न्हाई.

माजं नाव सोपान. सोपानराव म्हणत्यात कुरुळीत. कुरुळी म्हंजे मोशीच्या पुढं आन् चाकणच्या अलीकडं. तुमी म्हणाल एवढ्या लांबनं पिंपळे गुरवला कशाला आलात, तिकडचे ट्रॅव्हलवाले काय संपले का. संपले न्हाईत, आमच्याच आळीत तिघं हायेत, पण तिघं बी भावकीतले. मी खुर्चीत टेकायच्या आत हिंदुरावला फोन जाणार. हिंदुराव माजा चुलतभाऊ. त्यानं पोरगी जर्मनीत दिली, स्टुटगार्टला. तिला जाऊन अडीच वर्सं झाली, पण चौकातला फ्लेक्स अजून उतरला न्हाई. उन्हानं जावयाचं तोंड निळं पडलंय, पोरगी तर दिसतच न्हाई, पण 'परदेशगमनाबद्दल हार्दिक शुभेच्छा' एवढं मातर लांबनं वाचता येतंय. आन् खाली शुभेच्छुकांत माजा बी फोटो — मला न इचारता. रोज सकाळी दूध आणायला निघालो की मीच शुभेच्छा देत उभा. आता मला सांगा, तुमच्या त्या डब्यात निघत असंल तर, स्टुटगार्ट किती लांब हाय? साडेसहा हजार किलोमीटर. आन् डेट्रॉईट? तेरा हजाराला जरा कमी. म्हंजे दुपटीला थोडंसंच कमी पडतंय. चालतंय. दुप्पट म्हणायला हरकत न्हाई.

पोराचं सांगतो. रणजीत नाव, तळेगाव दाभाड्याचं घराणं, बाप उद्धवराव — बोलाय-चालायला लई चांगली माणसं. पोरगा इंजिनेर. आदी इतं चाकणला लागला, मंग कंपनीनंच उचलून डेट्रॉईटला ठिवला. म्हंजे गंमत बगा, ज्या रानात मी ज्वारी काढली त्या रानात आता गाडीचा पार्ट निघतो, तो पार्ट जातो डेट्रॉईटला, पार्टाच्या मागं पोरगा गेला डेट्रॉईटला, आन् पोराच्या मागं आता माजी पोरगी चालली. आमच्याकडनं सगळा माल एकाच दिशेनं जातोय. तनुजा नाव तिचं. सत्तावीस पुरी. ती बी चाकणलाच हाय, डिस्पॅचला — कुटला कंटेनर कवा निघतो, कवा बोटीत चढतो, कवा तिकडं पोचतो, हेच तिचं काम. मंग तिलाच का न्हाई इचारलं? तिला इचारलं तर ती खरं सांगती, म्हणून तर तुमच्याकडं आलो. न्हाई, पोराला तिची ना न्हाई. बरा हाय म्हणाली, ऐकून घेतो म्हणाली, पण आण्णा मला काय घाई न्हाई, आदी आज्जीचं काय ते मिटवा. घाई तळेगाववाल्यांना हाय. पोराची सुट्टी पंदरा दिसांची, त्यातले नऊ गेले. रविवारी सुपारी फोडायची, पोरगा परत जाणार, मे महिन्यात येऊन लगीन लावून घिऊन जाणार — असं त्यांचं गणित. समदं जुळलंय. अडलंय कुटं? आमच्या आईपाशी.

आईचं वय चौऱ्याऐंशी. कस्तुराबाई. कानानं ऐकती, डोळ्यानं बगती, आन् इसरत काय न्हाई — हीच अडचण हाय. आमच्या घरात लेक द्यायची एक रीत हाय, मॅडम, तुमच्यात असती का म्हाईत न्हाई. सकाळी चुलीवरची भाकर फडक्यात बांधून घरनं निघालं, तर ती भाकर शिळी व्हायच्या आत लेकीच्या दारात पाय पडला पायजे. त्याच्या पल्याड सोयरीक न्हाई. कूळ मागनं बगायचं, जिमीन मागनं बगायची, आदी भाकर मोजायची. आईच्या सासूनं तेच केलं, आईनं तेच केलं, म्हणून आमच्या घराच्या समद्या लेकी खेड, मावळ आन् हवेली ह्या तीन तालुक्यांतच. चौथा तालुका आमाला ठाऊक न्हाई. आता हिंदुराव ह्याच घरातला, पण त्याची आई वारली तवा त्याची रीत बी वारली. माजी आई हाय.

पण मी काय म्हणतो, भाकर शिळी कवा व्हती? इचार करा. कालची भाकर ती शिळी, आजची ती ताजी — असंच ना? सकाळी सहाला थापली आन् रातच्या धाला खाल्ली तरी तिला कोण शिळी म्हणत न्हाई. जरा कडक झाली म्हणतील, पण शिळी न्हाई. म्हंजे शिळंपण घड्याळात न्हाई, तारखेत हाय. तारीख पालटली की भाकर पालटली. आन् मंगळवारची भाकर डेट्रॉईटला मंगळवारीच पोचती, हे तुमीच आता मला दावलं. मंग रीत मोडली कुटं? ह्या एका मुद्द्यासाठी मी आठ दिस डोकं चालवलंय, मॅडम. गावात कुणाच्या बी ध्यानात आलं नसतं. भाकर नेऊ देतात ना विमानात? न्हाई, नेणार कोण न्हाई, नियम काय हाय म्हणून इचारलं. नेऊ देतात. मंग काय प्रश्नच मिटला.

आँ? रातच्या दीडच्या विमानाला सकाळची भाकर कुटली? हां — म्हंजे सोमवारीच घरनं निघावं लागणार. दुपारीच. भाकर सोमवारची. मॅडम, तुमी वकील व्हायला पायजे व्हतं. घरापास्नं कोण मोजतं. यष्टीचा प्रवास म्हंजे यष्टी सुटल्यापास्नं, फाट्यावर दोन तास उभं ऱ्हायलेलं कोण धरत न्हाई. घरापास्नं मोजायला लागलो तर तळेगाव बी बाद हुईल. परवा पोराच्या घरी गेलो — सव्वीस किलोमीटर, आन् लागले किती? दोन तास चाळीस मिन्टं. एक कंटेनर आडवा, त्याच्या मागं चार उभे, कंपनीच्या बसमदी पोरं झोपलेली, ड्रायव्हर खाली उतरून च्या पितोय. पोचलो तवा पोहे गार. उद्धवराव म्हणाले, दुसरे टाकू का. म्हणलं नको, आमाला सवय हाय. तेवढ्या येळात मुंबईवरनं सुटलेलं विमान कुटं गेलं असतं? मस्कतला. बगा. आमी तळेगावात आन् विमान मस्कतात. आन् आई म्हणती डेट्रॉईट लांब हाय.

येतानाचं कशाला लावताय? मला बगायचं न्हाई. लावलंच हाय तर सांगा. सोमवारी संध्याकाळी सुटलं की बुधवारी? बुधवारी रातच्या बारानंतर? आन् मंगळवार कुटं गेला? हवेतच? कमाल हाय, जाताना मंगळवारचा मंगळवार, आन् येताना अख्खा एक वार गिळून ढेकर न्हाई. न्हाई न्हाई, येतानाचं छापू नका. आईनं जाण्याचं इचारलंय, येण्याचं न्हाई. येण्याचं काय घिऊन बसलात, सासरहून यायला लेकीला येळ लागतोच, त्याला विमान काय करणार. आदी सासूला इचारायचं, सासूनं सासऱ्याला इचारायचं, सासऱ्यानं बगू म्हणायचं. आमची जयमाला सतरा किलोमीटरवर व्हती, तरी पंचमीला यायला तिला आठ दिस लागायचे. चार दिसांची परवानगी मिळायला आठ दिस.

लिवा तुमी, लिवा. कुणाच्या नावानं काढायचा? माज्याच नावानं काढा. पत्ता — जयमाला हाइट्स, कुरुळी फाट्याजवळ, तालुका खेड. व्हय, तीच जयमाला. बहीण माजी, धाकटी. इमारतीला तिचंच नाव दिलंय. चार मजले, बावीस खोल्या, समदे भाडेकरू कंपनीतले — नांदेड, परभणी, लातूरकडची पोरं. वर बोर्ड लावलाय लाल अक्षरांचा, हायवेवरनं दिसतोय. लोक म्हणत्यात बहिणीवर जीव असावा तर असा. आई कवा त्या बोर्डाखालनं जात न्हाई, मागच्या दारानं जाती-येती. गुडघे दुखत्यात, मागं पायऱ्या कमी हायेत. कुटं असती म्हंजे? न्हाई, ती न्हाई आता. वारली. दोन हजार सहाला. छत्तीस वर्साची व्हती.

कावीळ. डोक्यात गेली म्हणाले डाक्टर. तशी आदी म्हैनाभर आजारीच व्हती, पण आजारी कोण नसतं, मॅडम. सकाळी आठला तिचा दीर मोटरसायकलवरनं निरोप घिऊन आला — वैनी वाट बगत्यात, येऊन जावा. आन् नेमका त्याच दिशी रजिस्टर ऑफिसात आमचा नंबर. रस्त्याकडची दोन एकरं द्यायची व्हती. घेणारा मुंबईचा, साक्षीदार आलेले, जेवणाचं सांगितलेलं, अशा येळी सोडून कसं जायचं, तुमीच सांगा. आई म्हणली मला तरी फाट्यावर सोड, मी जाती. म्हणलं थांब, संध्याकाळी संगटच जाऊ. संध्याकाळी कागद हातात आला न्हाई. दुसऱ्या दिशी बी न्हाई. दुसऱ्या दिशी कसली तरी सही ऱ्हायली व्हती. म्हणलं सतरा किलोमीटर तर हाय, कुटं पळून चाललंय, जवळच तर हाय. तिसऱ्या दिशी निघालो. आई मागं बसली, हातात भाकऱ्यांचं फडकं. वीस मिन्टांत पोचलो, मॅडम. मोटरसायकल नवी व्हती, रस्ता बी तवा मोकळा असायचा. वीस मिन्टं. अंगणात माणसं बसलेली व्हती.

न्हाई, पाणी नको. बसा तुमी. मंग बायकोनं लई दिसांनी सांगितलं मला — आई त्या तिन्ही दिशी सकाळी उठून भाकऱ्या थापत व्हती. पयल्या दिशी थापल्या, फडक्यात बांधल्या, दारात बसली. संध्याकाळी सोडून गुरांम्होरं टाकल्या. दुसऱ्या दिशी परत ताज्या. मला न्हाई दिसलं. मी कागदात व्हतो. आन् मला एक शब्द बोलली न्हाई हां ती. त्या दिशी न्हाई, त्याच्यानंतर न्हाई. बोलली असती तर बरं झालं असतं, मी बी दोन शब्द बोललो असतो, भांडण झालं असतं आन् मिटलं असतं. वीस वर्सं व्हत आली.

आता मी हे तुमाला कशाला सांगतोय? हां — मुद्दा काय हाय, मुद्दा असा हाय की लेक जवळ दिली म्हणून काय व्हतं? काय न्हाई व्हत. मी आईला परवा हेच म्हणलं. म्हणलं आई, जयमाला भाकरीच्या अंतरात व्हती, तरी काय उपेग झाला? उलट जवळ व्हती म्हणूनच ऱ्हायलं. जवळच्याला माणूस उद्या जातो. तीच जर लांब असती, नागपूरला असती, तर त्याच दिशी पिशवी भरून निघालो असतो, कागद गेला चुलीत. लांबच्याला माणूस आज निघतो. म्हणून म्हणतो, तनुजाला लांबच देऊ. जेवढी लांब तेवढा जीव तिच्याकडं. मला तर हे बोलताना लई पटलं, मॅडम. तुमाला न्हाई पटलं का? तोंडावरनं दिसतंय. बायकोला बी न्हाई पटलं, ती ताट तिथंच ठिवून आत गेली.

आई काय म्हणाली? काल दुपारी मी बाजेवर पडलो व्हतो, ती शेंगा फोडत बसलेली, मान वर न करता म्हणली, "इमान किती येळात पोचतंय ते मी न्हाई इचारलं, सोपान. तू किती येळात निघशील ते सांग." म्हणलं आई, हे काय बोलणं झालं, फोन आला की निघीन. त्याच पावली. हातातलं टाकून. तर म्हणली, "तवा बी तू कागदापायी ऱ्हायलास. आता कागदावरच दाव." बस. एवढंच. परत शेंगा. म्हणून आलोय हो सकाळच्या सकाळी. कागदावर दाव म्हणली, कागद दावतो. तिला वाचता येत न्हाई, पण शिक्का कळतो. शिक्क्यावर लई इस्वास तिचा, उभ्या जन्मात तिनं शिक्क्यापुढं माणसं गप व्हताना बगितल्यात.

काय म्हणता? ते विमानाचं झालं, माजं काय? माजं काय म्हंजे, मी त्याच विमानात असणार की. पासपोर्ट? हाय की, हा काय, संगटच आणलाय. मला तुमी साधा समजू नका, मी बँकॉकला जाऊन आलोय. पतसंस्थेचा अभ्यासदौरा व्हता, सहकाराचा अभ्यास. अकरा संचालक गेलो व्हतो. साडेचार तासांत बँकॉक. तितं उतरलो की रांगेत उभं केलं, शिक्का मारला, चला पुढं. अभ्यासाला कोण अडवत न्हाई. चाळा, चाळा पानं. एकच शिक्का हाय, बाकी कोरा हाय.

अमेरिकेला तसं न्हाई? आदी व्हिसा. मंग काढू की. मुंबईला जायचं, फॉर्म भरायचा, बोटं द्यायची, मुलाखत द्यायची — देऊ की, मी मोठमोठ्या सायबांसमोर बसलोय. दोन दिस लागतील, चार दिस लागतील. कितीला? तारीख कवाची मिळती? हितं बगू द्या जरा, चष्मा लावतो. हा म्हैना कुटला? आता जानेवारी चालू हाय, आन् हे डिशेंबर दावतंय. मागचा डिशेंबर असंल. पुढचा? अकरा म्हैने? नुसती मुलाखतीची तारीख? न्हाई, तुमी परत बगा, मुंबई सोडून दुसरीकडं कुटं असंल. दिल्ली? चेन्नई? त्याच्या बी पुढं. बरं, थोडं वर काय देऊन — न्हाई, चालत न्हाई. बरं.

पण समजा — समजा तातडीचं असलं तर? म्हंजे तिकडनं फोन आला, की असं असं हाय, या. तर काय अकरा म्हैने थांबा म्हणतील का? माणुसकी हाय का न्हाई? हां, असतंय ना काय तरी. असंलच. तातडीचा अर्ज. मंग त्याच दिशी देतात का? दवाखान्याचा कागद लागतो. तिकडच्या दवाखान्याचा. डाक्टरनं लिवून दिलं पायजे, की ही बाई आजारी हाय, इतकी इतकी आजारी हाय. आन् तो कागद बगून ते ठरवणार, तातडी हाय का न्हाई. बरोबर हाय त्यांचं. ते तरी काय करतील. म्हंजे आदी तितं माज्या पोरीला काय तरी झालं पायजे. मंग त्याचा कागद व्हायला पायजे. मंग तो कागद इतं यायला पायजे. मंग मी निघणार. मंग मंगळवारी निघून मंगळवारीच पोचणार.

थांबा जरा. न्हाई, काय न्हाई. बसलोय.

हा फोन तळेगावचा हाय. उद्धवराव. सकाळपास्नं तिसऱ्यांदा. घेतो, घ्यायलाच पायजे. हॅलो. हां, बोला उद्धवराव, रामराम. न्हाई, पिंपळे गुरवला आलोय जरा कामाला. व्हय, रविवारचंच बोलायचं व्हतं. रविवारचं न्हाई जमणार. न्हाई न्हाई, पोरगा पसंत हाय, तसं काय मनात आणू नका. पोरीची बी हरकत न्हाई. आईची? आईची बी न्हाई म्हणा. हरकत माजी हाय. माजीच. मला तिकडं यायची परवानगी मिळायला अकरा म्हैने लागत्यात. लग्नाला न्हाई हो, लगीन तर इतंच हाय, लग्नानंतरचं म्हणतोय. तिनं बोलावलं तर. कशाला बोलावंल? ते मला कसं म्हाईत असणार. कशाला बी. बरं न्हाई वाटलं तर. व्हय, पोरगा संबाळंल, मी कुटं न्हाई म्हणतो. जयमालेचा दीर बी संबाळतच व्हता. कोण जयमाला? ते ऱ्हाऊ द्या. माजं एवढंच म्हणणं हाय, माज्या हातात तो शिक्का पडू द्या, मंग सुपारी फोडू. त्याच दिशी फोडू. तवर पोराला थांबायचं असंल तर थांबंल, तनुजाशी बोलू द्या त्याला. आन् न्हाई थांबायचं तर — व्हय. लोक हसतील, हसू द्या. हिंदुराव तर आदी हसंल. व्हय. तुमी मोठी माणसं हायत, मी काय बोलू. हॅलो. हॅलो.

ठिवला.

मॅडम, ते प्रिंटरमदनं निघालंय ते मंगळवारचं — न्हाई, मला नका देऊ. फाडा न्हाईतर ठिवा, तुमच्या मनानं. तो दुसरा फॉर्म उघडा. व्हिसाचा. आजच भरायचा. नाव पासपोर्टवर हाय तेच घाला. कुटं जाणार — डेट्रॉईट. आता काय इचारतंय? तितं आपलं कोण हाय? अजून कोण न्हाई. 'अजून कोण न्हाई' असं लिवता येतं का? न्हाई येत. मंग भटकायला जातोय म्हणून लिवा, बँकॉकला लिवलं व्हतं तसं. आन् प्रवासाची तारीख? ती मला आता कशी सांगता येईल, पोरी. ती मोकळी ठिवा. मोकळी चालत न्हाई तर तुमी टाका कुठली बी, पण मुलाखतीची मातर जवळात जवळ लावा, एक दिस मागं सरकली तरी मला फोन करा, मी येतो. माज्याकडं काय बगताय, लिवा.